नेब्रास्काचा सार्जंट पेंटागॉनमध्ये : चक हेगल

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, मुख्य खुर्चीत आजवर मोटार कंपनीचे अध्यक्ष बसले, गणितातले डॉक्टरेट बसले, वकील आणि खासदार तर बरेच बसले. जॉर्ज मार्शलसारखा पाच ताऱ्यांचा जनरलही बसून गेला. पण साधा शिपाई म्हणून भरती झालेला, प्रत्यक्ष लढाईत जखमी होऊन सार्जंटच्या फितींवर घरी परतलेला माणूस तिथे पोहोचायला २०१३ साल उजाडावं लागलं. त्याचं नाव चक हेगल. मंत्रिपद जेमतेम दोन वर्षांचं आणि शेवटही फारसा गोड नाही, त्यामुळे मराठीत त्याच्यावर फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही. म्हटलं आपणच सुरुवात करू.

जन्म ४ ऑक्टोबर १९४६, नेब्रास्कातलं नॉर्थ प्लॅट. मका, गुरं आणि मैलोन्मैल सपाट रान. वडील दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये बॉम्बर विमानांवर होते. परतल्यावर लाकडाच्या वखारीत नोकरी. वखार बदलली की बिऱ्हाड हलवायचं : एन्सवर्थ, रशव्हिल, यॉर्क, शेवटी कोलंबस. १९६२च्या नाताळच्या सकाळी वडील गेले, वय अवघं ३९. चक सोळा वर्षांचा, पाठचे तीन भाऊ, आणि सगळा भार एकट्या आईवर.

शिक्षणाचं म्हणाल तर आनंदच होता. फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात गेला, मान दुखावली आणि फुटबॉल संपला. दुसऱ्या कॉलेजात मन रमलं नाही. मग मिनियापोलिसला जाऊन रेडिओवर बोलण्याचं शिक्षण घेतलं. १९६७ साली सैन्यात. तिथे खांद्यावरून डागायच्या नव्या रेडआय क्षेपणास्त्रासाठी निवडलेल्या पोरांत त्याचा नंबर लागला आणि नेमणूक निघाली जर्मनीला. त्या काळात जर्मनीची नेमणूक म्हणजे जीव सलामत. या पठ्ठ्याने अर्ज दिला की मला व्हिएतनामला पाठवा. वरिष्ठांनी आधी पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना, घरी काही भानगड करून पळत नाही ना, याची चौकशी केली आणि मगच कागद पुढे सरकवला.

१९६७च्या डिसेंबरात तो व्हिएतनामला पोहोचला. पुढच्या महिन्यात धाकटा भाऊ टॉमही आला. दोघांनी एकत्र राहण्यासाठी खटपट केली आणि नवव्या पायदळ डिव्हिजनच्या एकाच तुकडीत, एकाच सेक्शनमध्ये आले. महिनाअखेरीस टेटचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणातला शत्रूचा मोठा हल्ला सुरू झाला.

मार्चमधली एक गस्त. दोघे भाऊ दिवसभर सगळ्यांच्या पुढे चालत होते. पुढे चालणाऱ्याचं काम म्हणजे तार, सुरुंग, खड्डा आधी त्याला दिसला पाहिजे. संध्याकाळकडे त्यांना मागे घेऊन दुसरे पुढे पाठवले आणि थोड्याच वेळात पुढच्याचा पाय तारेला लागला. झाडांत बांधलेले सुरुंग उडाले. चकच्या छातीत कपच्या घुसल्या. टॉमला स्वतःला मार लागलेला, तरी त्याने भावाच्या छातीवर पट्ट्या दाबून रक्त थांबवलं. जास्त जखमी असलेल्यांना हेलिकॉप्टरने नेलं, बाकीचे अंधारात जंगलातून चालत बाहेर आले, त्यांत हे दोघे होते.

महिन्याभराने फेड झाली. चिलखती गाडी सुरुंगावर गेली. चकच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली, कानाचे पडदे फाटले. टॉम वर मशीनगनवर होता, तो बेशुद्ध. गाडीत दारूगोळा भरलेला, कुठल्याही क्षणी उडणार. चकने त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा तो गेलाय असंच त्याला वाटलं होतं.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. परत आल्यावर जीआय बिलाच्या (माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा सरकारी कायदा) पैशांवर ओमाहाच्या विद्यापीठातून १९७१ साली इतिहासाची पदवी, शिकता शिकता रेडिओवर नोकरी. मग एका खासदाराच्या कार्यालयात कारकुनीपासून सुरुवात. १९८१ साली रेगन सरकारने त्याला माजी सैनिकांच्या खात्यात उपप्रमुख केलं. तेव्हा त्याचं वय ३४. वर्षभरात राजीनामा! खात्याचे प्रमुख रॉबर्ट निम्मो होते. एजंट ऑरेंज या विषारी फवारणीने सैनिकांना होणाऱ्या त्रासाची तुलना त्यांनी पोरवयातल्या मुरमांशी केली होती, आणि माजी सैनिकांच्या सोयींना कात्री लावण्यावरूनही दोघांचं जुळेना. शिपायाचं आयुष्य अंगाने भोगलेल्या माणसाला हे कसं सोसणार?

नोकरी सोडल्यावर गाडी विकली, विम्याच्या पॉलिसी मोडल्या आणि ते पैसे मोबाइल फोनच्या धंद्यात घातले. साल १९८४, खिशात मावणारा फोन अजून कुणी पाहिला नव्हता. त्यांची व्हॅनगार्ड सेल्युलर चालली आणि हेगल कोट्यधीश झाला. १९९६ साली लोकप्रिय गव्हर्नर बेन नेल्सनला हरवून सिनेटर, २००२ साली पुन्हा. २००९ला स्वतःहून बाजूला. आणि २०१३ साली विरोधी पक्षाच्या ओबामांनी या रिपब्लिकनला संरक्षणमंत्री केलं.

गरिबी, जिद्द, यश असा सरळ हिशेब या माणसाबाबत मला पटत नाही. जिद्द होतीच. पण वखारीतल्या कामगाराच्या पोराला पदवी मिळाली ती १९६६ साली झालेल्या जीआय बिलाच्या कायद्यामुळे. २००८ साली जिम वेब या दुसऱ्या व्हिएतनामच्या सैनिकाबरोबर त्याने ११ सप्टेंबरनंतरच्या सैनिकांसाठी नवं जीआय बिल मांडलं आणि मंजूर करून घेतलं. मंत्रिपदापेक्षा मला त्याची ही कमाई मोठी वाटते. तुमचं काय मत?

माणदेशी_जवान

लेख एका बैठकीत वाचला. मी पलटणीत हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पहिली नजर गस्तीच्या वर्णनावर गेली. दिवसभर पुढे चालवून संध्याकाळी माणूस मागे घेतात ते डोळे थकतात म्हणून. ताजा माणूस पुढे गेला आणि त्याचा पाय तारेला लागला, तर मागे आलेल्याच्या मनात ते कायमचं राहतं. बाहेरच्याला हे समजावून सांगता येत नाही.

सख्खे भाऊ एका सेक्शनला ठेवले याचं मात्र नवल वाटलं. आमच्याकडे एका गावची, एका भावकीची पोरं एका पलटणीत असतात, पण लढाईत दोघांना एका ठिकाणी ठेवायला कुठलाही सुभेदार साहेब राजी होत नाही. घरी तार गेली तर एकच जावी.

वाळूघड्याळ

हवालदार साहेब, अगदी बरोबर. अमेरिकेतही हा धडा फार महागात शिकले होते. १९४२च्या नोव्हेंबरात जूनो ही युद्धनौका बुडाली, तिच्यावर आयोवाचे सलिव्हन घराण्यातले पाचही भाऊ होते. पाचही गेले. त्यानंतर भावांना वेगळं ठेवण्याकडेच कल होता. हेगल बंधू एकत्र आले ते त्यांनी स्वतः मागणी लावून धरली म्हणून.

तिरकस

सगळं छान. आता माझी नेहमीची खोडी काढतो.

ऑक्टोबर २००२. इराकवर युद्ध करण्याचा अधिकार बुशना द्यायचा का, यावर सिनेटात मतदान. ७७ विरुद्ध २३. तुमचा हा छातीत कपच्या घेऊन फिरणारा सार्जंट कुठल्या बाजूला होता? ७७ मध्ये. भाषणात भरपूर शंका काढल्या, युद्धानंतर काय होईल कुणाला ठाऊक असं सगळं बोलला, आणि मत दिलं होकाराचं. हजारो पोरं गेल्यावर मग २००७ साली समितीत आवाज चढवून म्हणे, आपण इथे माणसांच्या जिवाशी खेळतोय याचं भान ठेवा. हे भान पाच वर्षं आधी कुठे होतं?

आणि 'लढलेला माणूस युद्धाला घाबरून असतो' हा सिद्धांतही फारसा टिकत नाही. त्याच दिवशी जॉन केरीनेही होकारच दिला, तोही व्हिएतनामहून आलेला.

रेवातीर

तिरकस, अर्धंच चित्र दाखवताय. त्या २३ मध्ये डॅनियल इनोये होते. हवाईचे, जपानी वंशाचे. पर्ल हार्बरनंतर त्यांच्यासारख्यांकडे शत्रू म्हणून बघितलं जात होतं, तरी भरती झाले आणि इटलीत उजवा हात गमावला. शिपाई म्हणून सुरुवात करून रणभूमीवरच अधिकारी झाले. त्यांनी नकाराचं मत दिलं. हवाईचेच दुसरे सिनेटर डॅनियल अकाका, तेही महायुद्धातले सैनिक, तेही नकाराच्याच बाजूला. म्हणजे लढलेली माणसं दोन्हीकडे होती. हेगलने चूक केली एवढंच म्हणा, सगळ्या माजी सैनिकांना एका दावणीला बांधू नका.

मला या गोष्टीत खरा रस टॉममध्ये आहे. दोघांनी एकच लढाई पाहिली, एकमेकांचे जीव वाचवले, आणि घरी आल्यावर मतं मात्र दोन टोकांची. टॉम म्हणायचा, हे युद्धच चुकीचं होतं. चक म्हणायचा, हेतू चांगला होता, फक्त नीट लढलं गेलं नाही. त्यावरून दोघांत हातघाईपर्यंत मजल जायची. टॉम पुढे कायद्याचा प्राध्यापक झाला, ओहायोत डेटनला. चकचं मत बदललं ते पन्नाशी उलटल्यावर. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची फोनवरची संभाषणं जाहीर झाली, त्यांत १९६४ सालीच जॉन्सन सिनेटर रसेलशी बोलताना या युद्धातून काही निघणार नाही अशा सुरात बोलताना ऐकू येतात. म्हणजे चक तिथे पोहोचण्याच्या तीन वर्षं आधी वरच्यांना अंदाज होता! १९९९ साली दोघे भाऊ मिळून व्हिएतनामला जाऊन आले.

तेव्हा २००२ची चूक आणखी खुपते, हे मान्य. टेप ऐकून झाल्या होत्या.

ओमाहाकर

मी बरीच वर्षं ओमाहात आहे, म्हणून स्थानिक तपशील जोडतो. नेब्रास्काच्या राजकारणाची जात वेगळी आहे. इथल्या विधिमंडळाला एकच सभागृह, आणि त्याच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. 'माणूस आपला आहे का' हे इथे आधी बघतात. रिपब्लिकन असून ओबामांच्या मंत्रिमंडळात जाणं बाहेरच्यांना कोलांटउडी वाटली, इथल्या माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांना त्यात तेवढं वावगं वाटलं नाही. नाराज होते तेही होतेच.

पण एक गोष्ट लेखात राहिली. १९९६च्या निवडणुकीआधी हेगल ज्या कंपनीचा अध्यक्ष होता, तिची यंत्रं नेब्रास्कात मतमोजणी करत होती. १९९५ साली त्याने ते पद सोडलं, नंतर निवडणूक लढवली आणि अनपेक्षितपणे जिंकला. त्या कंपनीच्या पालक समूहात त्याची गुंतवणूक राहिली, हे २००३ साली गाजलं. घोटाळा झाला असं काही सिद्ध झालेलं नाही आणि तो मोठ्या फरकाने जिंकला होता. तरीही असं असायला नको होतं. इतक्या सरळ माणसाला हे खटकायला हवं होतं.

वाळूघड्याळ

ओमाहाकर, धन्यवाद, हे यायलाच हवं होतं. तिरकस, २००२च्या मताचं समर्थन मी करणार नाही.

मंत्रिपदाच्या मंजुरीसाठी सिनेटपुढे झालेल्या सुनावणीबद्दलही लिहितो, कारण तिथे त्याची सर्वात वाईट बाजू दिसली. जानेवारी २०१३. समोर सिनेटर जॉन मॅक्केन. हेगलचा जुना मित्र, तोही व्हिएतनामचा, हनोईत साडेपाच वर्षं युद्धकैदी. २०००च्या निवडणुकीत हेगलने मॅक्केनच्या प्रचाराची धुरा वाहिली होती. त्या दिवशी मॅक्केनने एकच प्रश्न धरून ठेवला : २००७ साली इराकमध्ये जादा सैन्य पाठवण्याला तुम्ही विरोध केला, तुम्ही बरोबर होता की चूक? हो की नाही सांगा. हेगल अडखळला, वळसे घेत राहिला. दिवसभर तसाच. बघणाऱ्यांना प्रश्न पडला की याने तयारी केली होती की नाही. शेवटी २६ फेब्रुवारीला ५८ विरुद्ध ४१ मतांनी निवड झाली. तोवर कुठल्याही संरक्षणमंत्र्याला इतक्या कमी फरकाने मंजुरी मिळाली नव्हती.

मंत्री झाल्यावर मात्र एक पद्धत चांगली पाडली. अधूनमधून अगदी खालच्या हुद्द्याच्या जवानांना जेवायला बोलवायचा, एकही अधिकारी बरोबर नाही. जनरल लोकांनी गाळून दिलेल्या कागदापेक्षा हे बरं.

माणदेशी_जवान

साहेब बाजूला नसला की जवान खरं बोलतो, हे त्याला कळलं कारण तो स्वतः तिथे बसलेला. आमच्याकडे दरबार भरतो, त्यात 'कोई शक, कोई सवाल?' विचारतात. सवाल असतात हो सगळ्यांना. विचारतो कोण?

कोकणकडा

भारताचा संबंध कुणीच काढला नाही! २०१३च्या फेब्रुवारीत, निवड व्हायच्या तोंडावर, हेगलचं २०११ सालचं ओक्लाहोमातल्या एका विद्यापीठातलं भाषण बाहेर आलं. त्यात तो म्हणाला होता की भारत अफगाणिस्तानचा वापर पाकिस्तानविरुद्ध दुसरी आघाडी म्हणून करतो आणि तिथून पाकिस्तानला त्रास देण्यासाठी पैसा पुरवतो. आपल्या वकिलातीने लगेच आक्षेप घेतला. आपण अफगाणिस्तानात दवाखाने, रस्ते बांधले आणि हा असं बोलतो! त्यामुळे मला या माणसाचं फार कौतुक वाटत नाही, माफ करा.

वाळूघड्याळ

त्या वक्तव्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये तोच हेगल दिल्लीला येऊन पंतप्रधान मोदी आणि तेव्हा अर्थ व संरक्षण दोन्ही खाती सांभाळणारे जेटली यांना भेटला, संयुक्त उत्पादनाच्या गप्पा झाल्या. खुर्चीत बसलं की भाषा बदलते. तीनच महिन्यांत, २४ नोव्हेंबरला, त्याचा राजीनामा जाहीर झाला. सीरियाच्या प्रश्नावर व्हाइट हाउसशी त्याचं बिनसलं होतं आणि निर्णय तिथल्या सल्लागारांच्या घोळक्यात होत होते. सार्जंट मंत्री झाला तरी निर्णयाच्या खोलीत त्याचं किती चाललं, हा प्रश्न उरतोच.

सदाशिवपेठी

एक तांत्रिक मुद्दा. अमेरिकेत सैन्याधिकाऱ्याला निवृत्तीनंतर सात वर्षं संरक्षणमंत्री होता येत नाही, जनरल हुद्द्यांसाठी तर ही मुदत दहा वर्षांची आहे. मार्शल, मॅटिस आणि ऑस्टिन या तीन जनरलांसाठी संसदेला खास सूट द्यावी लागली. हा नियम अधिकाऱ्यांपुरताच आहे. सार्जंट उद्या निवृत्त होऊन परवा मंत्री झाला तरी कायदा आड येत नाही! कायदा करणाऱ्यांना शिपायाची भीती वाटलीच नव्हती, कारण तो तिथवर येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

आपल्याकडे जसवंत सिंह सैन्यातून मेजर म्हणून बाहेर पडले आणि २००१ साली संरक्षण खातंही त्यांनी सांभाळलं. पण ते अधिकारी, शिवाय राजपूत सरदारी वातावरणातले. आपले यशवंतराव देवराष्ट्र्याच्या गरीब शेतकरी घरातले, पण ते सैनिक नव्हेत.

माणदेशी_जवान

जवानाला वर जायची एक शिडी आपल्याकडे आहे, ती सांगतो. आर्मी कॅडेट कॉलेज. पूर्वी ते आपल्या पुण्यातच होतं, १९७७ साली डेहराडूनला गेलं. सेवेत असलेला शिपाई परीक्षा देऊन तिथे जातो आणि पदवी घेऊन अधिकारी होऊन बाहेर पडतो. आमच्या पलटणीत एक कॅप्टन साहेब असे आले होते. जवानांच्या लंगरात येऊन आधी डाळ चाखायचे. कच्ची असली तर लांगरीची खैर नसायची. पण ही शिडी आत राहणाऱ्यासाठी. बाहेर पडणाऱ्याला काय?

शिक्षिका_कराड

तोच तर माझा प्रश्न आहे. माझा भाचा अग्निवीर आहे. चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीस जणांना ठेवणार, बाकी घरी. सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख मिळतील. मामा लोक आतापासून सांगतायत, प्लॉट घे. हेगलसारखं शिक्षण पदरात पडेल असं त्याच्यासाठी काही आहे का?

वाळूघड्याळ

ताई, जीआय बिलात सरकार फी भरतं आणि शिकत असताना पोटापाण्याला महिन्याचे पैसेही देतं, तसं अग्निवीरांसाठी काही नाही. पण इग्नूचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात, उरलेले विषय तो सेवेत असतानाच पूर्ण करू शकतो. त्याने नाव नोंदवलंय का, ते आधी विचारा. बऱ्याच पोरांना युनिटमध्ये ते कुणी सांगत नाही.

शिक्षिका_कराड

विचारलं. नाव नोंदवलेलं नाही. म्हणाला, सुट्टीवर आल्यावर बघू.

माणदेशी_जवान

सुट्टीवर आल्यावर काही होत नसतं ताई, सुट्टीत लग्नं आणि जत्रा असतात. त्याला सांगा, युनिटच्या शिक्षण हवालदाराला उद्याच भेट. तो फॉर्म भरून घेतो.